पहिलं नको

महाडच्या आमच्या इस्पितळात कंपाउंडर मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पोलादपूरच्या वरच्या अंगाला आणि शिवथर खोऱ्यात अशी माणसं होती, की ती शपथेवर सांगायची, कंपाउंडर हैबती आहे म्हणून. हैबती कंपाउंडर नव्हता. तो वाढपी होता. रोग्यांना दोन वेळा जेवण वाढायचं, खरकटी ताटं उचलायची आणि भटारखान्याच्या मागच्या दगडावर नेऊन घासायची, हे त्याचं काम. औषधांच्या खोलीत तो फक्त सुतळी मागायला यायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेलं ते इस्पितळ, गांधारी नदीच्या बाजूला, कौलारू, वीसेक खाटांचं. डॉक्टर गुप्ते तिथे नवीन आले होते. तरुण, हाडकुळे आणि जेवणाच्या बाबतीत फार खटपटे. आधी रोग्यांना नुसती पेज मिळायची. आजारी माणसाला पेज, असं सगळ्या गावाचंच मत होतं. डॉक्टरांनी त्या व्यापाऱ्यांच्या पंचमंडळाशी भांडून वरण-भात, भाजी, भाकरी, सकाळ-संध्याकाळ दूध आणि अशक्त रोग्याला अंडं एवढं सुरू करून घेतलं. अंड्यावरून तर मोठं रामायण झालं. शेवटी अंडी मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर उकडायची, या अटीवर मिटलं. "जखम औषधानं भरत नाही, मुरारी, ती अन्नानं भरते," ते मला म्हणायचे, "आपलं औषध नुसतं राखणीला बसलेलं असतं." कंपाउंडरला असलं ऐकायला आवडत नाही, पण बोलणार काय.

तर हे एवढं भांडून आणलेलं अन्न रोग्याच्या ताटात पडायचं ते हैबतीच्या हातून. आणि तो वाढायचा मात्र बघण्यासारखं. मुंबईला लालबागेत एका खानावळीत काही वर्षं वाढप्याचं काम केलेलं. डाव्या हातात वरणाची पितळी बादली, उजव्या हातात ओगराळं, सदरा पांढरा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा सरसर जायचा की जमिनीवर थेंब नाही. पहिल्यांदा ठरलेलं वाढायचं. मग दुसरी फेरी. प्रत्येक खाटेपाशी एकच शब्द, "वाढू?" हो म्हटलं की ओगराळं रिकामं, नको म्हटलं की पाय पुढे. बादली कधी खाटेपाशी टेकवायचा नाही. खानावळीत तसंच असतं. तिथे नको म्हणजे नको, मागे पंगत खोळंबलेली असते.

अन्न वाया जात नाही म्हणून पंचमंडळ खूश, डॉक्टर खूश. दूध तर रोज उरायचं. डॉक्टर म्हणायचे, डोंगरातली माणसं मुळात मिताहारी. मीही मान हलवायचो. त्या माणसांना मी लग्नाच्या पंगतीत जेवताना पाहिलं होतं, तरी हलवायचो.

आता कंपाउंडरपणाचं. एकदा पोलादपूरकडचा एक म्हातारा खांद्यावर फणस घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "हैबती कंपाउंडर कुठं गावतील?" मी म्हटलं, "कोण?" तो म्हणाला, "आमच्या गावचं हायत. हितलं औषधाचं सगळं त्येच बघत्यात." मी हैबतीला हाक मारली नाही. फणस ठेवून घेतला, म्हाताऱ्याला वाटेला लावलं आणि मग हैबतीला खोलीत बोलावून म्हटलं, "कंपाउंडरसाहेब, तुमचा फणस आलाय."

त्याचा चेहरा एवढासा झाला. सोयरीक ठरताना मुलीकडच्यांनी विचारलं, पोरगा काय करतो. तांब्यातलं पाणी पिता पिता त्याच्या तोंडून निघून गेलं, इस्पितळात कंपाउंडर हाय. "आमी शेतीवाडीची मानसं, साहेब," तो म्हणाला. "आमच्या दारात चार मानसं जेवून जायाची. तितं कसं सांगू, मी लोकांची खरकटी काढतो? कोनाची बी काढतो?" एकदा म्हटलं ते सासरवाडीला गेलं, तिथून त्याच्या स्वतःच्या गावी आलं, बायकोलाही तेच. बायको शकू पोलादपूरच्या वर त्याच्या आईजवळ राहायची. महाडला तिला त्यानं कधी आणलं नाही, ते याचसाठी.

आयत्या बिळावर नागोबा, असं मी त्याला दोन दिवस चिडवलं. मग सोडून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याची मूठ उघडून मला काय मिळणार होतं?

चैत्रात एका संध्याकाळी साळूबाई आली. शिवथर खोऱ्यातली, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीतली. पन्नाशी उलटलेली विधवा, मुलगा मुंबईला गोदीत. राबासाठी झाडाची टाहळं तोडत होती. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर टाहळं पसरून जाळतात, तो राब. कोयता फांदीवरून घसरला आणि उजव्या पावलावर बसला. वाडीतल्या लोकांनी आधी हळद भरली, मग कुणीतरी सव गावच्या गरम झऱ्याच्या कुंडातलं ऊन पाणी आणून ओतलं, मग पाय सुजून काळानिळा झाल्यावर डोलीत घालून खाली आणली. शेजारचा रामा म्हणून एक गडी एसटीनं तिच्याबरोबर आला, तिला खाटेवर टाकून परतीच्या गाडीनं गेला. राबाचे दिवस, कुणाला थांबायला सवड नव्हती.

डॉक्टरांनी जखम धुतली, सुया टोचल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगात रक्त नाही बाईच्या. हिला दूध, अंडी, वरण, जेवढं जाईल तेवढं घाला. नाहीतर हा पाय काही खरा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पट्टी बदलायला बसलो. पट्ट्या माझ्याकडेच असायच्या. बाई सोशीक, तोंडातून हूं नाही. माझ्या हाताकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "औषध द्येनारं तुमीच का?"

"मीच."

"आनी दुसरं कंपाउंडर कवा येत्यात?"

"दुसरं कुणी नाही, बाई," मी म्हटलं, आणि जरा ठसक्यातच म्हटलं. "या इस्पितळात कंपाउंडर एकच. मी."

तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं, दुखत असेल.

दुपारी हैबती बादली घेऊन आला. पहिली वाढणी झाली, दुसरी फेरी सुरू झाली. साळूबाईच्या खाटेपाशी आला, "वाढू?" ती म्हणाली, "नको." पाय पुढे. संध्याकाळी दूध. "नको." अंडं. "नको." रोज हेच चाललं. मी खिडकीतून बघायचो. तो तिच्यापाशी आला की त्याची मान पलीकडच्या खाटेकडे वळलेली असायची आणि तिचा पदर हनुवटीपर्यंत आलेला असायचा. तो गेला, की ती पदर सारून त्याच्या बादलीकडे बघायची, पार ओळीच्या शेवटापर्यंत. पहिल्यांदा पडलेला भात आणि भाकरी ती शिताशितानं पुसून खायची.

दिवस गेले, जखम काही भरेना. कडा पांढुरक्या पडल्या, दोन बोटं काळवंडली. डॉक्टरांनी हैबतीला व्हरांड्यात थांबवून विचारलं, "ती कोपऱ्यातली बाई जेवते का नीट?"

हैबती म्हणाला, "वाढतो मी. नको म्हनते. तिचीच वासना नाय."

डॉक्टरांनी दारातून एकदा त्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर मुंबईला पाठवून पाय घोट्यावरून काढावा लागेल. दुसरा इलाज नाही."

मी साळूबाईची वाडी पाहिली नव्हती, पण त्या खोऱ्यातल्या वाड्या पाहिल्या होत्या. खालच्या वाटेवरून घर दिसतं, आणि तिथं पोचेपर्यंत धडधाकट माणसाच्या छातीचा भाता होतो. पाणी झऱ्यावरून आणायचं, लाकूड रानातून. एका पायाची बाई तिथे परत चढणार नाही. मुलाच्या मुंबईतल्या खोलीत, दहा गाळेकऱ्यांच्या पथाऱ्यांमध्ये, ती कोपऱ्यात बसून राहील. डॉक्टर बोलले ते तिच्या कानावर गेलं होतं. ती शेजारच्या खाटेवरच्या गोदूबाईला एवढंच म्हणाली, "माजं घर वर हाय गो."

त्या दुपारी हैबती माझ्या खोलीत आला. सुतळी मागितली नाही. दार लोटून घेतलं आणि जमिनीवर बसला.

"कंपाउंडरसाहेब, ती कोपऱ्यातली म्हातारी माजी सासू हाय."

मी हातातली बाटली खाली ठेवली. एवढे दिवस मी जे बघत होतो ते सगळं एकदम सरळ दिसायला लागलं, तिनं दुसऱ्या कंपाउंडरची चौकशी केली होती तेही.

"तिनं तुला ओळखलं नाही?"

"वळाखलं. मी बादली घेऊन दारात आलो नि तिनं पदर फुडं वढला. मी बी मान फिरवली."

"आणि तिला भूक नाही म्हणून डॉक्टरांना सांगितलंस, ते?"

"ती नको म्हनते ह्ये खरं हाय."

"मी भुकेचं विचारतोय."

 त्यावर हैबती जे बोलला ते असं. "साहेब, आमच्याकडं पयल्या नकोला कुनी थांबतं काय? पयला नको रीतीचा. दुसरा नको वाढनाऱ्याचं मन बघाया. तिसऱ्याला पानात घालायचंच, हात आडवा आला तरी घालायचं. पयल्याच बोलाला जो घेईल त्याला हावरट म्हनत्यात. ह्ये मला ठावं नाय असं हाय काय? लगीन झाल्यावर पयल्यांदा सासरवाडीला ग्येलो, तवा ह्याच बाईनं माज्या पानावर धा वेळा वाढलं आसंल. घरात तांदूळ नव्हता, शेजारनं आनलान, ते मला शकूनं मागनं सांगितलं. मी नको म्हनायचा, ती हसायची नि वाढायची."

"मग तू का थांबलास?"

"दुसऱ्यांदा इचारलं तर बोलनं वाढलं असतं. ती जावईबापू म्हनली असती. सगळ्या खोलीत. म्हंजे भटारखान्यातल्या पोरांनाबी कळलं असतं, तिच्या वाडीतबी कळलं असतं." त्यानं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "ती नको म्हनली की मला बरं वाटायचं, साहेब. सुटलो म्हनून बरं वाटायचं."

मी तापट माणूस. एरवी मी त्याला खोलीतून हाकलला असता. पण जो माणूस स्वतःच स्वतःला एवढं नागडं करून समोर बसलाय, त्याला आणखी काय सोलणार? आमच्यात म्हण आहे, वाढणारा आपला असला तर पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. इथे वाढणारा आपला होता म्हणूनच त्या बाईचं पान कोरडं राहिलं होतं. परका वाढपी असता तर तिनं कदाचित मागून घेतलं असतं. जावयाकडे कोणती सासू अन्न मागेल? जीभ झडली तरी मागणार नाही.

मी एवढंच म्हटलं, "आता मला काय सांगतोस? तिला जाऊन वाढ."

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी जेवण व्हायचं. मी मुद्दाम पट्ट्यांचा डबा घेऊन खोलीत रेंगाळलो. हैबती आला. पहिली वाढणी नेहमीसारखी केली. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातल्या खाटेपाशी आला आणि बादली जमिनीवर टेकवली. त्या आवाजानं चार माणसांनी माना वर केल्या. हैबतीची बादली टेकलेली कुणी पाहिली नव्हती. तो तिच्या खाटेशेजारी खाली बसला, दुधाचा पेला दोन्ही हातांत धरला, आणि ज्या आवाजात तो "वाढू" म्हणायचा त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामी, दूध घ्या."

पदराच्या आतून आलं, "नको."

"घ्या."

"नको, पुरे झालं."

"माजी शपथ हाय."

 ती अगदी हळू म्हणाली, "जावईबापू, लोक बघत्यात."

"बघू द्या," हैबती म्हणाला. "मी कंपाउंडर नाय, मामी. मी वाढतो हितं."

"मला ठावं हाय." तिनं पदर मागे सारला. चेहरा पार सुकून गेलेला. "पयल्या दिशीच कळलं. म्हनून तर गप ऱ्हायले. माज्या तोंडातनं नाव ग्येलं असतं तर तुमाला कमीपना आला असता. माज्या लेकीचा दादला हाय तुमी."

हैबतीनं पेला तिच्या हातात दिला. हातांत जोर नव्हता तिच्या, म्हणून त्यानं पेला खालून हात लावून धरला. ती गटागटा प्याली. लहान मूल पितं तशी, श्वास न घेता. पेला रिकामा झाल्यावर ओशाळून पदरानं तोंड पुसलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. भुकेल्या माणसाला भूक लपवताना बघणं वाईट, पण ती सुटलेली बघणं त्याहून अवघड असतं. हैबतीला तर ते हातभर अंतरावरून बघायचं होतं. त्यानं अंडं सोलून दिलं, वरण-भात वाढला, पुन्हा वाढला. एकेक घास तिच्या तोंडात जात होता आणि त्याची मान खाली खाली जात होती.

मग शेजारच्या खाटेवरून गोदूबाई म्हणाली, "हैबती, मला बी दुसऱ्यांदा इचार की रे."

कुणीतरी हसलं. पण गोदूबाई हसत नव्हती. ती पोलादपूरच्या वरच्या एका कोंडावरची, डोंगरवस्तीवरची, बाळंतरोगानं महिनाभर पडून असलेली. तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्यानं ताट पुढे सरकवलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. अर्ध्या ओळीतच वरणाची बादली संपली. असं कधी झालं नव्हतं. भटारखान्यात पुन्हा भात टाकावा लागला, आणि दूध तर एक थेंब उरलं नाही.

मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. सासू-जावयाचंही सांगितलं, कारण त्याशिवाय कळलं नसतं. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले. म्हणाले, "एवढं भांडून अन्न आणलं, मुरारी, आणि ते ताटाच्या वीतभर वर थांबलं होतं." मग त्यांनी ठरवलं, यापुढे दूध आणि अंडं विचारायचं नाही, ठेवायचं आणि संपेपर्यंत बघायचं. वरण-भात तीनदा विचारायचा. पंचमंडळाला अन्नाचा खप एकदम का वाढला ते समजावताना त्यांना पुन्हा एक रामायण करावं लागलं, पण ते त्यांना सवयीचं झालं होतं. गवळ्याला, तो तुडीलकडून यायचा, आणखी एक चरवी आणायला सांगितली.

साळूबाईचा पाय राहिला. काळवंडलेली दोन बोटं मात्र गेली, ती वाचवायला उशीर झाला होता. तेवढे दिवस कुणाच्या खात्यावर मांडायचे, हे हैबतीला कुणी सांगावं लागलं नाही. तो रोज तिच्याजवळ बसून वाढायचा, ती म्हणायची, "आता पुरे, जावईबापू," आणि तो वाढतच राहायचा. वैशाखाच्या शेवटी, पावसाच्या आत, वाडीतले लोक डोली घेऊन आले. डोलीचा पुढचा दांडा हैबतीनं स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि थेट तिच्या दारापर्यंत नेला.

पुढच्या शिमग्याला साळूबाईनं मलाही बोलावणं पाठवलं. पाय बांधणाऱ्याला एकदा जेवू घालायचं, असं तिच्या मनात होतं. हैबती आणि मी मिळून गेलो. शकू आधीच माहेरी आलेली होती, मांडीवर मूल. साळूबाई काठी टेकत टेकत अंगणात आली, आणि मी बघतो तर ती जमलेल्यांना सांगतेय, "ह्ये आमचं जावई. महाडच्या इस्पितळात कंपाउंडर हायत."

त्या संध्याकाळी खोलीत वाडीतलं कुणी नव्हतं, आणि वर्षभर या बाईनं कुणाला, पोटच्या लेकीलाही, काही सांगितलं नव्हतं. समोर अन्नाची बादली असताना अर्धपोटी राहिली होती, दोन बोटं देऊन आली होती, आणि जावयाचं नाव मात्र जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्यानं लगेच हैबतीपुढे गुडघा केला, "कंपाउंडर, ह्येला काय लावू सांगा."

हैबतीनं माझ्याकडे बोट केलं. "कंपाउंडर ह्ये. मी वाढतो, बाबा. इस्पितळात रोग्यांना जेवान वाढतो, नि ताटं घासतो."

 शकू नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कुणीतरी कुजकट बोलणार. पण त्याच्या आत साळूबाई पुढे झाली आणि काठी जमिनीवर टेकवून म्हणाली, "वाढत्यात म्हनून तर मी चालत्ये. डागदर पाय कापनार व्हता माजा. जावयानं बसून बसून जेवू घातलान, पोटच्या पोरानं घातलं नसतं असं. ह्यानं जगवली मला."

लोक हैबतीकडे कौतुकानं बघायला लागले. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याच्याकडे बघून मला वाटलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्या बाईनं खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. नुसते सुरुवातीचे दिवस गाळले होते. ते दिवस त्या अंगणात तिला, त्याला आणि मला, तिघांनाच माहीत होते, आणि ती ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती.

पानं मांडली. कोंबडीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भात. जावयाला पहिलं पान. साळूबाईनं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः लंगडत वाढत होती. पहिली वाढणी झाली. मग ती कालवणाचं भांडं घेऊन हैबतीच्या पानापाशी आली, वाकली, आणि विचारलं, "वाढू?"

सगळी पंगत वाट बघत होती. आता जावयानं नको म्हणायचं, सासूनं हसायचं, पुन्हा विचारायचं.  हैबतीनं पानावरून मान वर केली नाही. मग म्हणाला, "वाढा."

पोरीबाळी फिस्सकन हसल्या. कुणीतरी म्हणालं, "जावई भुकेला हाय." साळूबाई हसली नाही. तिनं वाढलं, पुन्हा विचारलं, आणि तो पुन्हा "वाढा" म्हणाला.

त्यानंतर हैबतीबरोबर मी कितीतरी लग्नांत, बारशांत, तेराव्यांत जेवलो. पहिल्या विचारण्याला त्या माणसानं कुठेही नको म्हटलं नाही. पोट तुडुंब असलं तरी पान पुढे करायचा आणि पानात पडलेलं सगळं संपवायचा. शिवथर खोऱ्यात आणि पोलादपूरकडे त्याला हळूहळू कंपाउंडर म्हणायचं बंद झालं. हावरा हैबती म्हणायला लागले. त्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि तो मान खाली घालून जेवत राहायचा.